फुकट नमुन्याचं बिल आलंय, भरायचं का?

मुळशीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आई कोथरूडला एकटी राहते. तिने फेसबुकवर गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात पाहिली. 'मोफत नमुना, फक्त डिलिव्हरीचे ९९ रुपये.' फॉर्म भरला, यूपीआयने ९९ रुपये दिले. छोटी बाटली आली, लावली, संपली. गुडघे होते तिथेच आहेत. तिच्या लेखी विषय मिटला.

पुढच्या महिन्यात खोकं आलं. तीन मोठ्या बाटल्या, २,३९७ रुपयांचं बिल आणि 'आपल्या उपचार योजनेचा पहिला महिना' अशा मथळ्याचं पत्र. कुरिअरवाल्याने पैसे मागितले नाहीत, त्यामुळे आईला वाटलं हेही फुकटच. नशीब, बाटल्या फोडल्या नाहीत. त्यानंतर फोन सुरू झाले. आधी एक गोड बोलणारी बाई, मग 'रिकव्हरी डिपार्टमेंट'चे साहेब. 'नमुना वापरलात म्हणजे अटी मान्य केल्यात', 'नोटीस निघेल', 'सिबिल खराब होईल', हे सगळं ऐकवून झालं. आई म्हणते, देऊन टाक रे, कटकट नको.

मी त्यांचं पान उघडून पाहिलं. फॉर्मच्या तळाशी, करड्या रंगात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ आहे: नमुना मिळाल्यापासून १५ दिवसांत नकार न कळवल्यास मासिक योजना सुरू होईल. शेजारी चौकोन, त्यात टिक आधीच केलेली. स्क्रीनशॉट काढून ठेवलेत.

पैसे द्यावे लागतात का? बाटल्यांचं काय करू? आणि तक्रार करायची तर कुठे? कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. नाव बदलून उद्या दुसरं पान उघडतील.

—

बोरीबंदर

दमडी देऊ नका. नंबर ब्लॉक करा आणि तेल चोपडा. त्यांनी पाठवलं, त्यांचं त्यांनी बघावं.

—

कोर्टाची_पायरी

बोरीबंदर, पहिल्या वाक्याशी सहमत, बाकी दोन्ही सल्ले महागात पडतील. (वकिली करतो, ग्राहक आयोगात बऱ्यापैकी उठबस आहे. इथे लिहितोय ते सर्वसाधारण, तुमची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत.)

बिल हा कंपनीचा दावा असतो, कर्ज नव्हे. देणं लागायला आधी करार लागतो, करार व्हायला एकाचा प्रस्ताव आणि दुसऱ्याचा होकार. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. १८६२ सालचा एक इंग्लिश खटला आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. काकाने पुतण्याला लिहिलं, तुझ्याकडून काही कळलं नाही तर घोडा माझा समजेन. पुतण्या काही बोलला नाही. न्यायालय म्हणालं, करार झालाच नाही. (काका-पुतण्याचे वाद आपल्याला नवे नाहीत, पण निदान इथे मुद्दा घोड्याचा होता.) '१५ दिवसांत नकार न कळवल्यास' ही ओळ त्या काकासारखीच आहे.

ते म्हणतील, गप्प कुठे, फॉर्ममध्ये टिक आहे की. २०२० चे ई-कॉमर्स नियम इथे उपयोगी पडतात. ग्राहकाची संमती त्याच्या स्वतःच्या स्पष्ट कृतीतूनच नोंदवायची, आधीच टिक केलेल्या चौकोनातून नाही, असं त्यात शब्दशः आहे. तुमचा तो स्क्रीनशॉट सोन्यासारखा जपा. पानाचा पत्ता आणि तारीख दिसेल असा आणखी एक काढा, कारण तक्रार गेली की पान बदलतं.

आता बाटल्या. त्या वापरू नका. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७०: कुणी तुमच्यासाठी काही केलं किंवा काही दिलं, ते फुकट देण्याचा त्याचा हेतू नव्हता आणि तुम्ही त्याचा लाभ घेतलात, तर भरपाई द्यावी लागते. कायद्यातच उदाहरण आहे, व्यापारी चुकून माल ब च्या घरी ठेवतो, ब तो आपलाच समजून वापरतो, तर ब ने पैसे द्यायचे. खोक्यात बिल आहे, म्हणजे तो माल फुकट नाही हे आता तुम्हाला माहीत आहे. एक बाटली जरी फोडलीत तरी त्यांच्या हातात आयतं कोलीत जाईल.

—

हिंगाष्टक

पण मग छोटी बाटली तर काकूंनी वापरलीच ना? हेच कलम ७० त्यांना तिथे लावता येईल. लाभ घेतला (गुडघ्यांना मिळाला नाही तो भाग वेगळा).

—

कोर्टाची_पायरी

चांगला प्रश्न. उत्तर त्याच कलमाच्या दुसऱ्या उदाहरणात आहे. अ ने ब ची मालमत्ता आगीतून वाचवली, पण परिस्थितीवरून दिसतं की ते त्याने मोबदल्याच्या अपेक्षेविना केलं, तर त्याला भरपाई मागता येत नाही. ज्यांनी स्वतः जाहिरातीत 'मोफत' छापलं, त्यांनी मागून 'आमचा तसा हेतू नव्हता' म्हणायची सोय राहत नाही. नमुना वापरणं म्हणजे नमुना वापरणं. त्यातून पुढच्या तीन बाटल्यांची ऑर्डर जन्माला येत नाही.

मुळशीकर, आता करायचं ते. फोनवर वाद घालत बसू नका, लेखी कळवा. ईमेल करा, आणि बिलावर पत्ता असेल तर स्पीड पोस्टानेही पाठवा. मजकूर एवढाच:

'आम्ही फक्त मोफत नमुना मागवला होता. अमुक तारखेला आलेल्या तीन बाटल्या आम्ही मागवलेल्या नाहीत. त्या न उघडता ठेवल्या आहेत. १५ दिवसांत आपल्या खर्चाने घेऊन जाव्यात. आपले बिल आम्हाला मान्य नाही. कोणतीही मासिक योजना आम्ही स्वीकारलेली नाही, असल्यास ती रद्द समजावी. यापुढे फोन करू नये, जे असेल ते लेखी कळवावे.'

मग खुशाल ब्लॉक करा. न कळवता ब्लॉक केलं तर 'ग्राहक संपर्काबाहेर' अशी नोंद त्यांच्याकडे राहते. आणि 'तात्पुरते ५०० भरा, बाकीचं बघू' असं कुणी म्हणालं तर अजिबात भरू नका. अर्धवट पैसे दिले की देणं मान्य केल्यासारखं दिसतं.

—

बँकवाला_निवृत्त

सिबिलचं मी सांगतो, कारण या धमकीने भलेभले घाबरतात. सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे (कुणी कर्ज कसं फेडलं याच्या नोंदी ठेवणाऱ्या) नोंद करू शकतात त्या बँका, वित्तसंस्था अशा पत देणाऱ्या सभासद संस्था. २००५ चा कायदा आहे त्यासाठी. तेलवाल्याने तुमच्या आईला कर्ज दिलेलं नाही. तो काय कप्पाळ नोंद करणार?

अपवाद एकच. बिल क्रेडिट कार्डावर पडलं असेल आणि रागाने तुम्ही कार्डाचंच बिल थकवलंत, तर नोंद बँक करेल. तसं करू नका. बँकेत त्या व्यवहाराबद्दल लेखी वाद नोंदवा आणि कार्डाची बाकीची रक्कम वेळेवर भरा.

—

पावशेर

आमच्याकडे याचाच पुढचा अवतार घडला. बायकोने चेहऱ्याच्या सीरमचं 'फ्री ट्रायल' घेतलं, एक रुपया 'व्हेरिफिकेशन' म्हणून. ट्रायल संपल्यावर थेट १,१९९ गेले खात्यातून. बिल नाही, फोन नाही, काही नाही. बँक म्हणते तुम्हीच परवानगी दिली होती. मुळशीकरांच्या आईला निदान बिल तरी आलं!

—

बँकवाला_निवृत्त

पावशेर, तो एक रुपया म्हणजे बहुतेक ऑटोपेची, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी होती. तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट अशा नावाची यादी असते, ती आत्ता उघडा आणि त्या कंपनीचं मँडेट रद्द करा. कार्ड असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये तशीच यादी सापडेल. हे आधी. गेलेल्या पैशांचं भांडण नंतर, नाहीतर भांडता भांडता दुसरा हप्ताही जायचा. नुसतं कंपनीचं अ‍ॅप काढून टाकल्याने मँडेट मरत नाही.

रिझर्व्ह बँकेचा नियम असा: आपोआप पैसे कापायचे तर निदान २४ तास आधी संदेश आला पाहिजे. कोण कापणार, किती, कधी, हे त्यात हवं आणि नको म्हणायची सोय हवी. १५,००० रुपयांपर्यंत दरवेळी ओटीपी लागत नाही, म्हणूनच या मंडळींचे आकडे १,१९९, २,३९७ असे असतात. तुम्हाला तो आधीचा संदेश आला होता का, ते तपासा. आलाच नसेल तर बँकेकडे तक्रार करायला तो भक्कम मुद्दा आहे. ३० दिवसांत बँकेने दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फुकट.

एक सांगून ठेवतो. 'तीन दिवसांत कळवलं की पैसे परत' हे जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, ते अनधिकृत व्यवहारांसाठी आहे, म्हणजे तुमच्या आणि बँकेच्या चुकीशिवाय तिसऱ्यानेच पैसे उडवले तर. इथे पिन तुमच्या घरातूनच टाकला गेलाय. फसवून टाकायला लावला हे खरं, पण ते भांडण कंपनीशी आहे. बँकेला त्यात खलनायक करून वेळ जाईल.

—

पावशेर

मँडेट होतं! २९९९ पर्यंत, २०३५ सालापर्यंत!! रद्द केलं. धन्यवाद काका. संदेशाचं बघतो, बायकोच्या इनबॉक्समध्ये सेलच्या जाहिरातींचा उकिरडा आहे, त्यात शोधावं लागेल.

—

कोर्टाची_पायरी

पावशेर, तुमची केस मुळशीकरांच्या केसपेक्षा अवघड असली तरी हरलेली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'वर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहकाला गंडवणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादी आहे. त्यातल्या 'सबस्क्रिप्शन ट्रॅप'च्या व्याख्येत, फुकट सेवेसाठी पेमेंटचे तपशील किंवा ऑटो डेबिटची परवानगी द्यायला भाग पाडणं हेही धरलं आहे. तुमचा एक रुपया तिथे बसतो.

आणि हे दोघांनाही: जून २०२२ च्या फसव्या जाहिरातींबद्दलच्या मार्गदर्शक तत्त्वांत 'मोफत' या दाव्यावर वेगळं कलम आहे. फार लोकांना माहीत नाही. मोफत म्हटलंत तर ग्राहकाकडून जाहिरातीला प्रतिसाद देण्याचा अटळ खर्च आणि माल आणण्याचा किंवा पोचवण्याचा खर्च, एवढंच घेता येतं. पॅकिंग, हँडलिंग, प्रशासन असलं काही लावलं तर 'मोफत' म्हणायचं नाही. ऑफर घेतल्यावर ग्राहक कशाला बांधला जाणार आहे, ते स्पष्ट सांगायचं. आणि 'आवडलं नाही तर पैसे परत' या योजनेला 'फ्री ट्रायल' म्हणता येत नाही. मूळ ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येसुद्धा, किंमत आत धरलेली असताना फुकट असल्याचा आभास निर्माण करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मुंगीच्या पायाएवढी ओळ यात कुठे बसेल, तुम्हीच सांगा.

—

न्यूजर्सीची_नलू

इकडचं सांगते. अमेरिकेत १९७० पासून कायदा आहे की न मागवता टपालाने आलेली वस्तू भेट समजायची. ठेवा, वापरा, फेकून द्या, आणि त्याचं बिल पाठवणंच बेकायदा. फक्त 'हा मोफत नमुना आहे' असं ठळक लिहिलेले नमुने आणि धर्मादाय संस्थांच्या वस्तू तशा पाठवता येतात. त्यामुळे बोरीबंदर यांचा 'तेल चोपडा' हा सल्ला इकडे चालला असता!

पण ट्रायलला स्वतः साइन अप केलं असेल तर तो कायदा उपयोगी नाही. तिथे २०१० चा वेगळा कायदा लागतो, त्यात अटी आधी स्पष्ट दाखवणं, जाणूनबुजून दिलेली संमती आणि रद्द करायची सोपी सोय हे सक्तीचं आहे. तरी नणंदेला डाएटच्या गोळ्यांत चुना लागलाच.

—

कोर्टाची_पायरी

नलूताई, बरोबर. न मागवलेला माल आपोआप भेट ठरवणारं असं थेट कलम आपल्याकडे नाही. म्हणून माझा हेका: वापरू नका, जपून ठेवा, 'घेऊन जा' म्हणा. त्यांच्या पत्त्यावर स्वखर्चाने परत पाठवण्याची जबाबदारी मात्र तुमची नाही.

—

सुगरण_सांगलीची

दुसरी बाजूही लिहिते, राग मानू नका. माझा घरगुती मसाल्यांचा धंदा आहे. प्रदर्शनात नमुन्याच्या पुड्या वाटते. लोक एकाच घरात चार-चार नेतात, मग फोनवर 'अर्धा किलो पाठवा हो ताई' म्हणतात आणि पार्सल गेल्यावर 'मी कुठे मागवलं होतं?' दोनदा कुरिअरचा भुर्दंड पडलाय. प्रत्येक बिल पाठवणारा चोर नसतो.

—

कोर्टाची_पायरी

अगदी खरं, सुगरणताई. तुमच्या बाबतीत ऑर्डर होती, फक्त पुरावा नव्हता. पार्सल बांधायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर वजन, दर, कुरिअर खर्च लिहून पाठवा आणि समोरच्याकडून 'हो, पाठवा' एवढं टाइप करून घ्या. त्या एका ओळीवर तुम्ही पैसे मागू शकता. तेलवाल्याकडे नेमकी तीच ओळ नाही, म्हणून तो चौकोनावर विसंबून आहे.

—

सुगरण_सांगलीची

हे करते. आणि पुडीवर 'नमुना, विक्रीसाठी नाही' असा शिक्का मारते आजपासून.

—

कडू_काढा

अवांतर: आमच्या तालुक्याच्या गावी एक डॉक्टर कंपनीच्या प्रतिनिधींकडून मिळालेल्या सॅम्पलच्या गोळ्या पेशंटला देतात आणि बिलात औषधाचे पैसे लावतात. पट्टीवर 'फिजिशियन्स सॅम्पल, नॉट टू बी सोल्ड' छापलेलं असतं, त्यावर स्टिकर. मी नखाने काढून पाहिलं. हे चालतं का?

—

कोर्टाची_पायरी

नाही. ते शब्द कंपनी हौसेने छापत नाही, औषध नियमांप्रमाणे छापावेच लागतात. दुकानदाराला तर असं औषध विकायला ठेवण्याचीही मनाई आहे. बिलाची आणि पट्टीची दोन्ही बाजू दिसतील अशी छायाचित्रं घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. बॅच क्रमांक दिसू द्या. बिल देत नसतील तर मागा, मागूनही बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच.

—

बोरीबंदर

मी आता सरळ '१९१५'ला (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) फोन लावला असता. तेलाचा सल्ला परत.

—

मुळशीकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही गेलं. 'पायरी' यांचा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा वापरला. १९१५ वरही तक्रार नोंदवली, मराठीत बोलता आलं, तक्रारीचा डॉकेट क्रमांक मिळाला. गंमत म्हणजे कंपनीचं उत्तर आलं, सूर एकदम मवाळ. 'गैरसमज झाला असावा, पिकअप लावतो, बिल रद्द.' साहेबांचे फोन थांबलेत. पिकअप अजून झालेला नाही, खोकं तसंच आहे.

आता आईचाच सूर बदललाय. म्हणते, माझे ९९ पण परत घे! ते मिळतील का? आणि आयोगात जायचं झालंच, तर तक्रार तिच्या नावाने की माझ्या?

—

कोर्टाची_पायरी

'बिल रद्द' हे ईमेलवर आलंय ना? त्याची प्रत काढून ठेवा. पिकअपवाला आला की खोक्याचा फोटो आणि त्याची पोच घेतल्याशिवाय माल देऊ नका. नाहीतर 'बाटल्या मिळाल्याच नाहीत' हा नवा अध्याय सुरू व्हायचा.

९९ रुपयांचं: तो खरोखर डिलिव्हरीचा खर्च असेल तर तो घ्यायला नियमांत मुभा आहे. छोट्या बाटलीच्या खोक्यावर कुरिअरचं लेबल होतं का, किती वजन, कुठून कुठे, ते बघा. ९९ मध्ये बाटलीचीच किंमत दडलेली निघाली तर जाहिरात खोटी ठरते. मात्र माझं प्रामाणिक मत, एवढ्यासाठी आयोगात जाऊ नका. १९१५ हे मध्यस्थीचं ठिकाण आहे, तिथे सुटलं तर उत्तम. जाहिरातीची तक्रार केंद्रीय प्राधिकरणाकडे स्वतंत्रपणे करा. फसव्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करायचा अधिकार त्यांना आहे. त्यातला रुपयाही आईच्या हातात येणार नाही, पण पान बंद व्हायची शक्यता तिथेच जास्त.

आणि उद्या त्यांनी शब्द फिरवला, तर जिल्हा आयोग आहे. तक्रार आईच्या नावाने, कारण फॉर्म तिचा, पैसे तिचे. तुम्ही अधिकारपत्र घेऊन तिच्या वतीने उभे राहू शकता, वकील सक्तीचा नाही. कंपनी कुठलीही असो, तक्रार पुण्यातच करता येते, कारण २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथल्या आयोगाला तो अधिकार दिलाय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. कायद्यात तीन महिन्यांत निकाल असं लिहिलंय, प्रत्यक्षात तारखा लांबतात, तेवढी तयारी ठेवा.

तिने ९९ दिल्याची यूपीआयची नोंद जपा. निव्वळ फुकट घेतलेल्या वस्तूबद्दल 'तुम्ही ग्राहकच नाही' असा बचाव घेतला जातो, कारण ग्राहक ठरायला मोबदला दिलेला किंवा कबूल केलेला असावा लागतो. इथे ते स्वतःच २,३९७ चं बिल पाठवून बसलेत, त्यामुळे हा बचाव त्यांना जड जाईल. तरी नोंद असू द्या.

—

पावशेर

संदेश सापडला. पैसे कापल्यानंतर चार तासांनी आलेला! बँकेत तक्रार टाकली आहे. बँकवाले काका, तक्रारीत त्या संदेशाची वेळ लिहिली, स्क्रीनशॉट जोडला. आणखी काही लागेल का?

—

बँकवाला_निवृत्त

तो संदेश कुणी पाठवला ते बघा, बँकेने की कंपनीने. आधीची सूचना द्यायची जबाबदारी कार्ड किंवा खातं देणाऱ्या बँकेची आहे. सेलच्या उकिरड्यात बँकेचा वेगळा संदेश आदल्या दिवशी येऊन पडला असेल तर तुमचा मुद्दा पडेल. पाठवणाऱ्याचं नाव टाकून शोधा. तसा नसेल तर तक्रारीत स्पष्ट लिहा की बँकेकडून पूर्वसूचना मिळाली नाही, आणि तक्रार क्रमांकाची तारीख वहीत टिपून ठेवा. ३० दिवस तिथून मोजायचे.